थांबायची शीळ

“पोटातून, रॉबसन, पोटातून. घशातून नुसता चहा जातो.”

चार्लटनसाहेबांचा हा आवाज तीस वर्षं झाली तरी माझ्या कानात कवायत करतो. ते आमच्या शाळेच्या कॅडेट तुकडीचे शिक्षक. फौजेतून निवृत्त होताना बाकी सगळं त्यांनी परत केलं, आवाज तेवढा बरोबर घेऊन आले. माझा आवाज मात्र कुंपणातल्या चिमणीचा. मी हुकूम दिला की पुढची रांग चालायची आणि मागची अंदाजाने निघायची.

त्या वर्षी बाहीवरची कॉर्पोरलची फीत एकच होती आणि उमेदवार दोघी, मी आणि माझी मैत्रीण डिली हेदरिंग्टन. तपासणीला कर्नलसाहेब येणार होते. आठ जणांची तुकडी चालवत आणायची आणि नेमकी त्यांच्यासमोर थांबवायची, एवढीच परीक्षा. महिनाभर मी चेव्हिअट डोंगराच्या उतारावर आजोबांच्या मेंढ्यांना हुकूम देत हिंडले. मेंढ्या ढिम्म. त्यांना कुठे फीत हवी होती? आजोबा म्हणाले, हेस्टर पोरी, कुत्र्याला थांबवायला घालतेस ती शीळ घाल आणि मोकळी हो. मी रुसले. शीळ घालून कुणी कॉर्पोरल होतं का?

तपासणीच्या दिवशी वारा आला तो जावयासारखा, जायचं नावच घेईना. डिलीची तुकडी दोन पावलं पुढे जाऊन थांबली. मग माझी पाळी. आता डिली माझ्या तुकडीत, सगळ्यांच्या पुढे. तिचा पाय पडेल तसा बाकीच्यांनी टाकायचा. तुकडी कर्नलसाहेबांसमोर आली आणि मी बेंबीच्या देठापासून ‘थांब’ म्हटलं.

डिली चालत राहिली. म्हणून सात जण चालत राहिले.

कर्नलसाहेबांचा सलामीचा हात वरच राहिला. हुकुमाशिवाय वळायचं नाही, त्यामुळे तुकडी थेट चहाच्या तंबूत शिरली आणि पलीकडून बाहेर पडली. शेवटच्या कथबर्टच्या हातात बाहेर येताना एक स्कोन होता, चहाबरोबरचा गोडसर पाव, वर साय लावलेला. पुढे उतार, उताराखाली बदकांचं तळं. मी मागे धावत होते, तोंड उघडत होते, पण आता आवाजच फुटेना. फीत तर गेलीच होती, निदान पोरं तरी कोरडी राहावीत. दोन बोटं आपसूक तोंडात गेली.

एक लांब शीळ.

तळ्याच्या काठावर आठही जण खिळल्यासारखे उभे. सगळी मेंढपाळांची पोरं, ती शीळ त्यांनी पाळण्यात ऐकलेली. कथबर्ट तर शहाण्या कुत्र्यासारखा सरळ पोटावर पडला, स्कोन तेवढा वर धरून.

चार्लटनसाहेब म्हणाले, शीळ नियमात बसत नाही. कर्नलसाहेब म्हणाले, तुकडी तळ्यात बसण्यापेक्षा बरं. फीत माझ्या बाहीवर आली.

पण माझं ‘थांब’ कुणालाच ऐकू गेलं नाही, ते आत कुठेतरी कुसळासारखं राहिलं. त्यानंतर चार माणसांसमोर मी तोंड म्हणून उघडलं नाही. गावच्या सभेत काही मांडायचं असलं की चिठ्ठी लिहायची आणि डिलीकडे सरकवायची. ती उठून वाचायची. गाव गमतीने म्हणे, हेस्टरचा आवाज हेदरिंग्टनांकडे गहाण आहे. डिली त्यावर कधी हसली नाही. का, ते मला कळलं नव्हतं.

यंदा तपासणीला नव्या मुलांना फिती द्यायला शाळेने मला बोलावलं, आणि दोन शब्द बोला म्हणाले. तोच तंबू, तेच स्कोन, तोच चिकट वारा. मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी डिलीच्या बशीशेजारी सरकवली. बाहेर माझं नाव पुकारलं गेलं. तिने चिठ्ठी उचलली, न उघडता चौघडी केली आणि माझ्याच खिशात कोंबली.

“मी नाही वाचणार,” ती म्हणाली. नजर कपात. “त्या दिवशी तुझं ‘थांब’ मला ऐकू आलं होतं गं. अगदी स्पष्ट. तळ्यावरच्या बदकांनीसुद्धा ऐकलं असेल. फीत मला हवी होती, म्हणून मी चालत राहिले.”