पिंजाऱ्याच्या गादीवरचा ससा

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा ससा आहे. सशाची गोष्ट म्हटली की तुम्हांला धावाधाव आठवत असेल. माझ्या गोष्टीत धावणं फार थोडं आहे. ही गोष्ट बसण्याची आहे, आणि ज्या तळव्यांवर मी बसायचो ते तळवे हळूहळू कसे गेले त्याची आहे. जरा जवळ सरकून ऐका. सशाचा आवाज बारीक असतो.

माझं घर दिग्रसचं. मालक इकबालभाई पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या, उशा, रजया भरणारे कारागीर. कळंबला एका लग्नघरच्या गाद्या भरायला ते गेले होते. तिथल्या बाजारात तारेच्या पिंजऱ्यात मी त्यांना दिसलो. मुठीएवढा होतो. त्यांनी मला टोपीत घालून घरी आणलं आणि लेकीच्या ओंजळीत ठेवलं. लेकीचं नाव निलोफर. ती ओरडली, "अब्बा, हे तं कापसाचं फुटलेलं बोंड हाये!" झालं. त्या दिवसापासून मी बोंड्या.

बालपण माझं लाडात गेलं. इकबालभाईंचं पिंजण माणसाएवढं लांब, धनुष्यासारखं. त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा पडला की 'तुंई तुंई' असा नाद निघायचा आणि कापसाचे ढग उडायचे. मी त्या ढगांतून पळायचो. घराच्या मागच्या भिंतीला लागून विठ्ठलाचं देऊळ. तिथं सप्ताह बसला, बुवा कीर्तनाला उभे राहिले, की मृदंगाचा ताल फरशीतून माझ्या पायांत चढायचा. आम्ही ससे जेवढं कानांनी ऐकतो तेवढंच पायांनीही ऐकतो. काय सांगू तो आनंद! नामाचा गजर टिपेला पोचला की मीही मागचा पाय आपटायचो, धप् धप्.

शेजारच्या बसंतीबाई कीर्तनाचा एक दिवस चुकवत नसत. इकबालभाई त्यांना चिडवायचे, "बसंतीबाई, तुमच्या बुवाले टाळकरी कमी पडला तं सांगजा. आमचा बोंड्या तयार हाये."

"पाठवा न मंग," त्या म्हणायच्या. "तुमच्यापक्षा तं तालात हाये थो."

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव उरला नाही. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचं फाटक बंद झालं ते उघडेना. ज्या घरांत दर हिवाळ्यात गाद्या उसवून पुन्हा भरायची रीत होती, तिथं गादीचं कुणी नाव काढीना. ज्यांचं बरं चाललं होतं ते दुकानातून तयार फोमची गादी आणू लागले. इकबालभाई पिंजण खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हाक देत फिरायचे आणि तसेच परत यायचे. पुढं पुढं ते बाहेर पडेनासे झाले. घरात कापूस पडून होता आणि कापसाशेजारी ते बसून.

एका दुपारी ते ताडकन उठले. म्हणाले, "माणसाईले नको तं नको. मी बोंड्याची गादी भरतो."

त्यांची बायको शहनाज चुलीपाशी होती. ती हसली, पण ते हसू मला बरं वाटलं नाही. "नवरीच्या गाद्या भरनारा मानूस आता सशाची गादी भरून राह्यला!"

"मंग काय झालं? गिऱ्हाईक तं हाये! आन् तक्रार बी करत नाई."

मित्रांनो, ते शब्द तेव्हा मला फार गोड वाटले.

काय सुंदर गादी होती ती! पातळ मलमलीच्या खोळीत ढगासारखा कापूस. मी त्यावर बसलो की पोटापर्यंत बुडायचो. गल्लीतले लोक बघायला येत. "नवाब हाये बे हा!" म्हणत मला बिस्किटं, पोळीचे तुकडे चारत. कितीतरी दिवसांनी इकबालभाईंची मान ताठ झाली. त्यांचं कसब माझ्याखाली अंथरलेलं होतं. मी गादीवर बसून खात गेलो, जाडजूड झालो. चालणं नाही म्हणून नखं झिजली नाहीत. ती वाढून पुढं वळली.

आता पुढचं नीट ऐका. ससा बहुधा ठरलेल्या जागीच लघवी करतो, आणि माझी जागा ती गादीच झाली होती. गादी ओली झाली की इकबालभाई ती उसवायचे, कापूस छपरावर कडक उन्हात पसरायचे, वाळला की पुन्हा पिंजायचे आणि पुन्हा भरायचे. पिंजारी कापूस टाकत नाही. आजोबाच्या गादीतला कापूस नातवाच्या पाळण्यात जातो, ही त्यांच्या धंद्याची रीत. ऊन लागलं, तातीवरून गेला, की कापूस नवा झाला. बापानं त्यांना हेच शिकवलं होतं, आणि माणसांच्या गादीपुरतं ते खरंही होतं.

पण माझं शरीर निराळं. देवानं कुत्र्याला दिली, मांजराला दिली, तशी जाड कातडीची गादी आम्हा सशांच्या तळव्याला दिली नाही. आम्हाला फक्त केस दिले, आणि केसांखाली लगेच नाजूक कातडी. तेवढ्यावर सगळा भार. ते केस ओले राहिले, घासले गेले, भार वाढला, नखांनी पाय तिरका पडू लागला, की आमचं पायताणच गेलं म्हणा.

माझं तेच झालं. आधी मागच्या टाचांचे केस विरळ झाले. मग तिथं गुलाबी, गोल डाग उमटला. निलोफर मला कुरवाळत होती, तिचं बोट तिथं लागलं. मी दचकलो.

"अब्बा, बोंड्याच्या टाचेले टक्कल पडलं पाहा!"

इकबालभाईंनी बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. "फरशी रुतत असंल त्याले. थांब, कापूस वाढवतो."

गादी जाड झाली. जाड गादी आतून लवकर वाळत नाही. वरून पांढरीशुभ्र, आतून दमट आणि गरम. डाग मोठा झाला. त्यावर खपली आली, खपली फुटली. ते आणखी कापूस घालत गेले. मी टाच उचलून बोटांवर बसू लागलो. मग बोटं दुखायची. पुढं झुकलो की पुढचे पाय दुखायचे. उभं राहवेना आणि बसवेना, असा ससा तुम्ही कधी बघितला आहे का? दुखलं म्हणून आम्ही ओरडत नाही हो. रानात जो ससा दुखणं दाखवतो त्याला कोल्हा आधी धरतो, म्हणून आम्ही पिढ्यान् पिढ्या गप्प राहायला शिकलो. मी नुसते दात करकर घासायचो. खुशीतला ससाही हलके दात घासतो, म्हणून शहनाजला वाटायचं, मी खूश आहे.

त्यात सप्ताह आला. मृदंग वाजला, फरशी थरथरली, आणि ज्या तालावर मी पाय आपटायचो तोच ताल जखमेत सुईसारखा शिरू लागला. मी कोपऱ्यात अंग चोरून म्हणत होतो, पांडुरंगा, तुझ्या दारातलं भजन मला नको नको झालं! एवढा कसा रे मी अभागी? एकदाच वाचा दे. एवढंच म्हणू दे, की मालक, तुमची माया माझ्या पायांखालून काढून घ्या.

वाचा मला मिळाली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बसंतीबाई आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"इकबालभाऊ, काल बुवांनी आख्यान लावलतं. एक पुजारी होता. थंडीत देवाले शाल पांघरली. देव गोड दिसला, म्हनून उन्हाळ्यात बी पांघरली, वर आखीन एक पांघरली. शेवटी देवाच्या मूर्तीले घाम फुटला. पुजारी म्हंते, देव प्रसन्न झाला!"

"मंग?"

"मंग काय? तुमचा देव बी घामेजला हाये. दवाखान्यात न्या त्याले."

"बाई, कीर्तन देवळात ठेवा," इकबालभाई तुटकपणे बोलले. "कापसातलं मले नका शिकवू."

बसंतीबाई उंबऱ्यात उभ्याच राहिल्या. "कापसातलं नाई सांगत, भाऊ. पायातलं सांगून राह्यली."

त्या दिवशी मी गाजराला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी मलमलीवर रक्त दिसलं. निलोफर रडत सुटली. तेव्हा कुठं इकबालभाईंनी मला टोपलीत, गादीसकट, ठेवलं आणि निलोफरला मागं बसवून सायकलवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टर मैत्रेयीताई होत्या. "माझ्याकडे गाई-बकऱ्याच जास्त येतात," त्या म्हणाल्या. त्यांनी आधी आपल्या कॉलेजच्या सरांना फोन करून सगळं विचारून घेतलं. मग माझे पाय हळूच उलटे करून पाहिले. दोन्ही टाचा बोटानं चाचपल्या. मग त्यांनी गादी उसवली, कापूस दाबला, वास घेतला.

"हा किती वेळा पिंजलाय, भाऊ?"

"कापूस कवा जुना होते का, डॉक्टरीणबाई?" इकबालभाई मोठ्या मानानं म्हणाले.

"भाऊ, वाळला म्हणजे स्वच्छ झाला असं नाही. लघवीचा क्षार आतच राहतो. पुन्हा ओल लागली की तो जागा होतो आणि कातडी जाळतो. यानंच पाय गेले त्याचे. उजवा बरा होईल. डाव्यात पू खोल गेलाय. हाडाला लागला असेल तर माझ्या हातात काही नाही."

इकबालभाईंनी उसवलेली गादी आणि मला परत टोपलीत ठेवलं. "माह्या हातच्या कापसानं? माह्या?" त्यांनी टोपली उचलली आणि बाहेर पडले. डॉक्टरांनी काढून दिलेलं मलम, औषध टेबलावर तसंच राहिलं. निलोफर धावत परत आत गेली, ते उचलून घेतलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पुन्हा एकदा विचारून आली.

घरी येताच त्यांनी दार लावलं आणि पिंजण उतरवलं. तोच कापूस त्यांनी असा पिंजला, असा पिंजला, की खोलीत धुकं पसरलं. खोकला येत होता, डोळ्यांना पाणी येत होतं, तरी हात थांबेना. नवी खोळ भरली. मला त्यावर ठेवलं. "पाह्य शहनाज, कुठी हाये घाण? सांग मले, कुठी हाये?"

तिनं पुढं होऊन दार उघडलं.

दुपार कलली. मी नेहमीच्या जागी बसलो होतो आणि नेहमीसारखी गादी ओली झाली होती. इकबालभाईंनी मला उचलून निलोफरच्या मांडीवर दिलं. मग ते गुडघे टेकून खाली वाकले आणि मी बसलो होतो नेमक्या त्या जागी त्यांनी आपला गाल ठेवला.

"अब्बा, हे काय करून राह्यले?"

"बोंड्या बसते तसा बसतो."

"किती वेळ?"

डोळे मिटून ते पडून राहिले. मशिदीतून अस्रची, म्हणजे संध्याकाळच्या आधीची, अजान झाली तेव्हा उठले. गाल लालभडक झाला होता, त्या बाजूच्या डोळ्यातून धार लागली होती. त्यांनी गालाला हात लावला, मग माझ्या टाचेकडे पाहिलं. आणि तो मोठा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "मी घालतच गेलो," ते म्हणत होते. "ते मरून राह्यलं आन् मी घालतच गेलो."

मग त्यांनी घरातला माझा सगळा कापूस चादरीत बांधला.

"अब्बा, छपरावर पसरू?" निलोफरनं विचारलं.

"नाई. फेकतो."

"फेकता? कापूस?"

"कापूस नाई राह्यला थो, बेटी."

त्यांनी गाठोडं स्वतः पाठीवर घेतलं आणि उकिरड्यावर टाकून आले. त्या घरातून कापूस असा कधी गेला नव्हता. शहनाज दारात ओढणी तोंडाला लावून उभी होती.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. बसंतीबाईंनी वाळलेल्या गवताचे भारे आणून टाकले. खाली धुतलेली, खडखडीत वाळवलेली गोधडी, वर गवताचा जाड थर, आणि ओलं झालेलं गवत त्याच दिवशी बाहेर. डॉक्टरांनी दाखवलं तसं निलोफर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, टिपून कोरडी करायची, मलम लावून हलकी पट्टी बांधायची. घट्ट नाही, घट्ट पट्टीनं पायच मरतो. डॉक्टरांनी नखं कापली. बिस्किट-पोळी बंद झाली, गवत आणि पाला सुरू झाला. माणसांच्या दुखण्याची घरात उरलेली गोळी मात्र कुणी मला दिली नाही, डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. औषध चालू असताना कितीदा वाटलं, आता मी जगत नाही. मी मान टाकायचो, निलोफर माझ्या तोंडाशी पाला धरून बसायची, आणि इकबालभाई भिंतीकडे तोंड करून दुवा मागायचे. पलीकडून बुवांचा आवाज यायचा. कुणाची हाक कुठं पोचली, ते मला सांगता येणार नाही.

उजवा पाय बरा झाला. डावा वाचला, पण वाकत नाही. तो मी ओढत नेतो. त्या टाचेवर केस पुन्हा उगवले नाहीत, आणि उगवणारही नाहीत.

इकबालभाई आता रोज सकाळी माझं गवत बदलतात. मला खाली ठेवण्याआधी त्यावर आपला तळहात दाबून धरतात आणि बराच वेळ काढत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याकडे ससा असेल तर त्याला गुळगुळीत थंड फरशीवर, तारेवर किंवा ओल्या मऊपणावर ठेवू नका. कोरडं ठेवा, हलकं ठेवा, फिरू द्या. आणि त्याचे पाय उलटे करून बघा. तो तुम्हांला सांगायला येणार नाही. तो तसाच बसून राहील, आणि तुम्हांला वाटेल की सुखात आहे. आत्ता उठा. जा, त्याला मांडीवर घ्या, पाठीला आधार द्या आणि टाच बघा. तिथं नुसता गुलाबी डाग असला तर अजून वेळ आहे. माझ्याकडे तेवढा वेळ उरला नव्हता.