भरतीच्या रेषेवरचे घर

रोसामेलचा हिशेब सोपा होता. समुद्र ओलांडून पलीकडच्या बेटावर गेले की सपाट जमीन मिळणार, दारापुढेच शिंपल्यांचा किनारा मिळणार आणि पहाटे मेहुण्याच्या कोंबड्याचे आरवणे सुटणार. खर्च काय? दोन डुकरे, पोतेभर शिंपले, पोतेभर बटाटे आणि सफरचंदाच्या दारूचे एक पिंप. ओढण्याचे काम शेजारी करणार. ओढायचे काय? तर मला.

मित्रांनो, मी चिली देशातल्या चिलोए बेटावरचे एक जुने लाकडी घर आहे. हसू नका. आमच्याकडे माणसे घर बदलत नाहीत, घराची जागा बदलतात.

रोसामेलच्या आजोबाने मला बांधले, पण जमिनीत पाय रोवू दिले नाहीत. ओंडक्यांवर नुसते टेकवले. "आमच्या घराण्यात कुणाचं बूड टिकत नाही, मग घराचं कशाला टिकावं?" असे तो म्हणे. झरा आटला म्हणून मी हलले. भावाभावांचे कुंपणावरून वाजले म्हणून हलले. रोसामेलच्या आईला खिडकीतून तोच डोंगर बघून कंटाळा आला, म्हणूनही हलले! दरवेळी दारे-खिडक्या उतरवायच्या, खाली लांब वासे सरकवायचे, बैल जुंपायचे. सगळा गाव ओढायला येई. मी करकरत, डुलत निघे. खरे सांगते, मला त्याची चटक लागली होती. एका जागी वर्ष काढले की माझ्या फळ्या जोडणाऱ्या लाकडी खुंट्या आपोआप सैल होत.

या रिवाजाला मिंगा म्हणतात. आज तुम्ही माझे घर ओढा, उद्या मी तुमचे बटाटे काढीन. रोसामेलला यातला पहिला अर्धाच पाठ होता. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी तो दक्षिणेला मेंढ्यांची लोकर कातरायला गेलेला असे. मग शेजाऱ्यांची हाक आली की त्याची मुलगी नोल्फा जाई. बटाटे काढी, लाकडे वाही. तिने लावलेल्या रोपांची सफरचंदे नेहमी दुसऱ्यांनीच खाल्ली, आणि प्रत्येक शाळेत ती नवीनच मुलगी राहिली.

त्या दिवशी गावाने मला टेकडीवरून किनाऱ्यावर आणले. दुसऱ्या दिवशी भरतीला होड्यांनी ओढत समुद्रापार न्यायचे होते. पण रोसामेलला दम कुठला! त्याने त्याच संध्याकाळी खड्ड्यात दगड तापवून जेवण रांधले.

"अहो, घर पोचल्यावर जेवण घालतात," बायको एदेल्मिरा कुरकुरली.

"खाऊ दे गं. पोट भरलं की हात चालतात."

सर्वांत मोठी होडी आणि सर्वांत तगडे बैल शेजारच्या कुस्तोदियोचे. हाड चोखत त्याने सहज विचारले, "काय रे, यंदा माझ्या बटाट्यांना येणार ना?"

"मी तर पलीकडे असेन, कुस्तोदियोभाऊ. तुम्ही आज हाणा की पोटभर. फिटलं सगळं!"

चघळणारी तोंडे थांबली. लोक हात पुसून उठले.

सकाळी भरती आली, होडी एकही आली नाही. पाणी माझ्या तळाच्या तुळईला लागले. रोसामेल गुडघाभर पाण्यात ओरडत होता, एदेल्मिरा गाद्या माळ्यावर चढवत होती. लाटांनी मला वाशांवरून उचलून आपटले असते, तर खुंटीला खुंटी उरली नसती. नोल्फा धावत सुटली.

कुस्तोदियो दारात बसला होता. "तुझ्या बापासाठी माझं बोटही हलणार नाही."

"मी तुमचे बटाटे काढलेत, काका. सगळ्यांचेच काढलेत."

तो उठला. "चल. तुझ्यासाठी येतो."

बैलांच्या जोड्या आल्या, होड्याही आल्या. रोसामेलचा चेहरा फुलला. "समुद्राकडे! समुद्राकडे घ्या!"

"गप रे!" कुस्तोदियो म्हणाला. "ही मिंगा पोरीची आहे. बोल पोरी, कुठं न्यायचं?"

माझ्या तुळईखाली पाणी हलत होते. मला जायचे होते, मित्रांनो. फार जायचे होते. नोल्फाने पलीकडच्या बेटाकडे एकदा पाहिले, बापाकडे पाहिले.

"वर," ती म्हणाली.

बैलांनी मला वाळूवरून खेचले. भरतीच्या रेषेच्या जरा वर, पहिल्या गवतावर, कुस्तोदियोने जू उतरवले. "तुझं आमच्यावरचं देणं फिटलं गं बाई. टेकडीवर जायचं तर बापाला कामाला लाव."

तेव्हापासून मी इथेच आहे. रोसामेल आता उन्हाळ्यात घरी राहतो आणि गावभर बटाटे काढत फिरतो. रोज संध्याकाळी माझी भिंत थोपटून म्हणतो, "जाऊ गं आपण पलीकडे." नोल्फा हसते आणि दारातल्या सफरचंदाला पाणी घालते. यंदा तिने त्याचे पहिले फळ खाल्ले.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी दोर ओढला असेल, तर त्याची हाक आल्यावर घरी सापडा. आणि जमल्यास माझ्या त्या खाऱ्या तुळईला थोडे डांबर लावा. मोठी भरती आली की ती अजून थरथरते.

हिशेब एवढाच. जेवले सगळे. रोसामेलचे देणे फेडले नोल्फाच्या हातांनी, आणि उरलेले मी, समुद्रापार जाणे सोडून.