चुन्याचे तीन दगड

येडूला माळावर जायची बंदी कुणी घातली नव्हती, खुद्द माळानंच घातली होती. गावातून निघालेली गाडीवाट लिंबाच्या झाडापाशी संपायची आणि पुढं सगळा मुरूम, धोंडे, कुसळी गवत आणि वाटेत आडवा पडलेला एक ओघळ. धडधाकट माणसाला ओघळ म्हणजे एक उडी. येडूला तो ओलांडणं म्हणजे परमुलखात जाणं होतं. दोन वर्षांपूर्वी विहिरीतला गाळ काढताना दोर तुटला, आणि कंबरेखालचं अंग गेलं ते कायमचंच. सोलापुरातल्या एका सायकलवाल्या मिस्त्रीनं त्याला तीनचाकी जोडून दिली. तिचं पायडल छातीपुढं होतं, ते हातानं फिरवायचं. मिस्त्रीनं गाडी केली सडकेसाठी. धनगराचा जन्म सडकेवर जात नाही, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

रोज सकाळी त्याची बायको केराबाई मेंढरं घेऊन ओढ्याकडं जायची आणि येडू लिंबाखाली येऊन बसायचा. तीस वर्षं ज्या माळावर मेंढरं वळली तो माळ लांबून बघायचा, एवढाच त्याचा उद्योग उरला होता.

तो एकोणऐंशी सालचा भाद्रपद होता. माळढोकासाठी माळ राखीव होणार म्हणून भोवती चर खणायचं काम निघालं होतं. मेंढरं आत जाऊ नयेत म्हणून चार हात रुंद, कमरेइतका खोल चर. गावातले धनगर चिडले होते. पाखराला माळ आणि आमच्या मेंढरांना काय, धूळ? येडूलाही राग होता, पण त्याच्या रागाला एक अडचण होती. माळढोकाच्या मादीच्या अंड्याचा ठाव त्या साली सगळ्यांत आधी त्यालाच लागला होता.

ही मादी घरटं म्हणून काही बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते आणि त्यावर बसून राहते. म्हणून त्या माळावरच्या धनगरांची जुनी रीत होती की, अंडं दिसलं की दहा पावलांवर एकावर एक तीन दगड ठेवायचे. पुढून येणाऱ्यानं ते बघायचे आणि कळप वळवायचा. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण ती कधी कुणाला चुकलीही नव्हती.

येडूनं यंदा ह्या रीतीत एक सुधारणा केली. लिंबाखालून बघताना मादी सलग चार दिवस एकाच जागी खाली बसते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं केराबाईला जागा सांगून दगड ठेवायला पाठवलं. पण साधे दगड लिंबाखालून दिसेनात. आपण राखलेली जागा आपल्यालाच दिसू नये, हे त्याला सोसेना. तो बायकोला म्हणाला, "जरा चुना फास की गं त्येस्नी. मला हितनं दिसाय पायजेत."

तीच सुधारणा अंगाशी आली.

त्या मंगळवारी तो लिंबाखाली आला तेव्हा ऊन चढलं होतं. चराचं काम दोन्ही अंगांनी पुढं सरकत होतं. उगवतीकडून एक टोळी आणि मावळतीकडून दुसरी. लाल मुरमाचे दोन ढीग एकमेकांकडं येत होते आणि त्यांच्या बरोबर मधे पांढरा ठिपका होता, त्याचे दगड. त्या दगडांपाशी मुकादम उभा राहून दोन्ही टोळ्यांना हातानं खुणा करत होता.

येडूच्या ध्यानात सगळा घोळ आला. वनखात्याच्या साहेबानं चराची रेघ आखली होती ती चुना फासलेल्या दगडांनीच. दोन्हीकडून आखत आणली आणि मधला तुकडा राहिला होता. मुकादमानं ह्या तीन दगडांना जोडाची खूण धरलं होतं! काढलेला मुरूम आतल्या अंगाला टाकायचा, म्हणजे डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांची ये-जा आतूनच होणार. आणि आत, दगडांपासून दहा पावलांवर अंडं.

त्यानं हाक मारली. वारं समोरून होतं, हाक त्याच्याच तोंडात परत आली. केराबाई ओढ्याला, दिवस मावळल्याशिवाय येणार नव्हती. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

आणि मग त्याच्या मनात तो विचार आला. अंडं गेलं तर पाखरू जाईल. पाखरू गेलं तर राखीव माळ कशाला हवा? चर बुजतील, मेंढरं परत आत जातील. त्यानं काहीच करायची गरज नव्हती, नुसतं बसून राहायचं. नाहीतरी तो बसूनच तर असायचा. विचार आला तेवढ्याच वेगानं त्याला स्वतःची किळस आली. पायडलाला हात घालून त्यानं गाडी वाटेवरून खाली घातली.

पहिली शंभर पावलं बरी गेली. पुढं धोंडे लागले. पुढचं चाक आडवं व्हायचं, तो ते हातानं ओढून सरळ करायचा, पुन्हा पायडल फिरवायचा. तळहाताची सालं निघाली. दर खेपेला मान वर करावी तर ढीग आणखी जवळ आलेले. दहा हात राहिले असतील दोन्हींत, मग आठ.

ओघळाच्या काठावर तो थांबला. थांबला म्हणजे फक्त दोन श्वास. मग त्यानं गाडी खाली सोडून दिली. ती धडधडत उतरली, तळातल्या धोंड्यावर मागचं चाक आदळलं आणि गाडी उलटली. येडू मुरमात तोंडावर पडला. ओठ फुटला. गाडी सरळ करायला त्याच्याजवळ पाय नव्हते आणि वेळही नव्हता. तो कोपरांवर सरपटत निघाला. चढ चार हातांचा, पण मुरूम निसटायचा आणि तो होता तिथंच परत यायचा. तिसऱ्या खेपेला एका बोरीच्या मुळीला हात लागला. काटे घुसले, तरी त्यानं ती सोडली नाही.

वर डोकं निघालं तसा तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "मुकादम! थांबवा कुदळी! थांबवा!"

मुकादमाचं नाव गुरुसिद्धप्पा, गाव कानडी सीमेवरचं मैंदर्गी, बोलणं अर्धं कानडी. चिडका, पण कामाला पक्का माणूस. तो धावत आला. "एनप्पा, मरायला आलास काय हितं? कुटून पडलास?"

"ते दगड साहेबाचं न्हाईत. माजं हाईत."

"चुना हाय की त्येंला."

"चुना मीच लावला. माजी चूक झाली. आत अंडं हाय, मादी बसलीया. एक पाटी आत गेली की संपलं बगा."

गुरुसिद्धप्पानं वळून बघितलं. गवत नुसतं हलत होतं. "मला काय दिसंना. काम थांबवायला तू काय साहेब हाईस?"

"साहेब दगड कसं ठेवतो? एकेक की एकावर एक?"

मुकादमानं पुन्हा त्या तीन दगडांकडं बघितलं. सकाळपासून त्याच्याही मनात ते कुठंतरी खटकत असणार. त्यानं हात वर केला. दोन्हीकडच्या कुदळी थांबल्या आणि माळावर एकदम शांतता झाली. त्या शांततेत गवतातून एक लांब करडी मान सावकाश वर आली, चहूकडं फिरली आणि पुन्हा खाली गेली.

"अय्यो," गुरुसिद्धप्पा हळूच म्हणाला. मग लगेच त्याला स्वतःची काळजी पडली. "पण उद्या साहेब तपासायला येणार. मधी ही खिंड. उद्या मेंढरं घुसली तर माजं मुकादमपण जातंय बग."

"खिंड केवडी हाय?"

"सा हात."

"माजी गाडी आडवी लावली तर बसती. मी बसतो मधी. एक मेंढरू आत जाऊ देणार न्हाय."

बायका हसल्या. मुकादम हसला नाही. त्यानं चारजणांना ओघळात पाठवून गाडी वर काढवली. रोज कोण उचलणार म्हणत, शिव्या देत, त्यानं चरातला मुरूम पाट्यांनी ओघळात टाकायला लावला. संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांना उतार झाला. धोंडे बाजूला करून लिंबापासून खिंडीपर्यंत तीनचाकी जाईल एवढी वाट निघाली. ती वाट माळढोकासाठी केली की येडूसाठी, हे मुकादमाला विचारायची सोय नव्हती.

साहेब दुसऱ्या दिवशी आला. दुर्बिणीतून बघून म्हणाला, पिल्लू उठेपर्यंत खिंड राहू दे, मग चर पुरा करा. येडूनं ते ऐकलं. पिल्लू चालायला लागलं की आपण बाहेर, हे त्याला तिथंच कळलं.

तरी तो रोज बसला, उन्हात आणि पावसातही. एके दिवशी त्याचीच मेंढरं केराबाईची नजर चुकवून खिंडीकडं धावली. पुढची म्हातारी मेंढी चाकाला नाक लावून उभी राहिली. येडूनं तिच्या तोंडावर काठी आपटली आणि त्याला रडू आलं. केराबाई लांबून ओरडली, "अवं, आपलीच हाईत की!"

"म्हणून तर," तो म्हणाला.

मादीला लवकरच त्याची सवय झाली. चालणारा माणूस दिसला की ती अंग चोरायची. चाकावर बसलेल्या माणसाला मात्र ती माणसात धरत नसावी. तीस वर्षं पायांनी माळ तुडवला तेव्हा ती एवढ्या जवळून त्याला कधी दिसली नव्हती.

बाविसाव्या दिवशी तिच्या मागं गवतात काहीतरी ठिपक्याठिपक्यांचं लुडबुडलं. आई दोन पावलं चालायची, थांबायची. पिल्लू पडायचं, उठायचं. दुपारपर्यंत दोघं आत उंच गवतात दिसेनाशी झाली. येडूला आनंद झाला, खरंच झाला. आणि छातीवर धोंडाही बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुसिद्धप्पा आला. सोबत एकही कुदळवाला नव्हता, हातात फक्त बांबू होता. काही न बोलता तो गाडीमागं गेला, बांबू एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत धरला आणि नखानं खूण केली.

"मुकादम, जातोय की मी. गाडी कशाला मापताय?"

"फाटकाला," गुरुसिद्धप्पा बांबूकडंच बघत म्हणाला. "साहेब म्हणलं, राखणदाराला फाटक ठिवा. रुंदी किती, इचारलं. मी म्हणलं, आदी गाडी मापतो."

येडूनं तोंडावरची धूळ बाहीनं पुसली.

"दोन बोटं जास्त धरा, मुकादम," तो म्हणाला. "त्या दिवशी ओघळात आदळलं न्हवं का, मागचं चाक चालताना जरा फाकतंय."