उंबऱ्यावरचा श्वास

आमचे हे एकोणसाठाव्या वर्षी पोहायला शिकायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "आधी मोरीतला बल्ब बदला, मग समुद्र ओलांडा." बोलायचं ते मी बोलले आणि पिशवीत टॉवेल मीच भरून दिला. कारण हे घराबाहेर पडायला मला हवेच होते.

सुदाम नाव त्यांचं. अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत तेहेतीस वर्षं ऑपरेटर. रिटायर झाले आणि आठ महिने बुवापाड्याच्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहिले. चहा दिला तर प्यायचे, विचारलं तर मान हलवायची. आकाशचा, आमच्या मुलाचा, पुण्याहून फोन आला तरी दोन शब्दांत ठेवून द्यायचे. निदान भांडावं तरी माणसानं, तेही नाही. हा माणूस असाच बसल्या जागी संपतो की काय, ही भीती मला खाऊन टाकत होती. मग डॉक्टरांनी फुप्फुसांसाठी पोहायला सांगितलं आणि कसं कोण जाणे, यांनी ते मनावर घेतलं.

पोहण्याचा चष्मा घ्यायला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. दुकानदारानं विचारलं, "बच्चे का साइज दूँ?" हे म्हणाले, "बच्चा मैं ही हूँ." आठ महिन्यांतला त्यांचा पहिला विनोद. मी रिक्षात बसेपर्यंत हसत होते.

चिखलोलीकडे नव्या इमारतींच्या मागे पोहण्याचा पूल आहे, तिथं सकाळी सातची बॅच. सगळी सात-आठ वर्षांची पोरं आणि त्यांच्या मधोमध आमचे हे. पोरं खिदळायची, पण यांना काही वाटायचं नाही. शिकवणारी रिद्धी तिथलीच, आगऱ्यांची मुलगी, चोवीस वर्षांची, आवाजाला खणखणीत. ती पोरांवर ओरडायची तशीच यांच्यावरही ओरडायची, आणि ज्यांनी जन्मात माझं ऐकलं नाही ते तिचं मुकाट ऐकायचे. घरी पलंगावर पालथं पडून पाय मारायचे. घमेल्यात पाणी घेऊन तोंड बुडवून बसायचे. मी वेडं म्हणायचे, पण मनात म्हणायचे, काय जिद्द आहे बाई या माणसाची.

पाय जमले, हातही जमले. घोडं अडलं ते श्वासावर. रिद्धी सांगून दमली, "काका, तोंड पाण्यात असतानाच श्वास सोडा. वर आलात की फक्त घ्यायचा." हे नेमके पाण्यात धरून ठेवायचे. मग मान वर काढून सोडायचं आणि घ्यायचं, दोन्ही एकदम. मान वर गेली की पाय खाली. अर्ध्यात खोकत उभे राहायचे.

बॅचच्या शेवटी पंचवीस मीटर न थांबता पोहलं तरच मोठ्या पुलाचं कार्ड मिळणार होतं. दोनदा नापास झाले. शनिवारी घरी आले, कपडेही न बदलता त्या खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसले. "उद्या नाही झालं तर बास. आपल्याच्यानं होत नाही ते," एवढंच म्हणाले. ती खुर्ची मी केव्हाच माळ्यावर टाकायला हवी होती.

रविवारी मी कठड्याशी बसून त्यांचा सराव नीट बघितला. गाल फुगलेले, ओठ घट्ट, मान वर, डोळे आभाळाकडे. आणि मला एकदम ओळख पटली. ही तर कंपनीची कवायत. वास आला की श्वास धरायचा, मान वर करून छपरावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी कुठल्या बाजूला उडतेय ते बघायचं आणि उलट दिशेनं निघायचं. आकाशला बाराखडीच्या आधी हे शिकवलं होतं त्यांनी. चार वर्षांपूर्वी कंपनीत गॅस सुटला तेव्हा असाच श्वास धरून आत गेले आणि सोबत काम करणाऱ्या बबनला ओढत बाहेर घेऊन आले. बबन अजून मला दिसला की थांबून जयभीम घालतो. ज्या श्वासानं माणूस वाचवला, तो असा कुणाच्या सांगण्यावरून सुटणार होता थोडाच?

चपला काढून मी पाण्याच्या काठाशी जाऊन बसले. "अहो, इथं गॅस नाही. वर काय बघताय?"

यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कामावरून आलात की दारात सोडायचात ना, हुऽऽ करून? तसा सोडा. पाण्यात तोंड गेलं की घर आलं असं समजा."

तेहेतीस वर्षं हे उंबऱ्यावर थांबून तसा लांब श्वास सोडायचे. त्या आवाजावर मी चहा टाकायचे. रिटायर झाल्यापासून तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

रिद्धी लगेच त्यांना म्हणाली, "आणि काका, मान उचलू नका. अंग वळवा, एक कान पाण्यातच राहू दे."

परीक्षेची शिट्टी वाजली. तोंड पाण्यात गेलं आणि नाकाशी बुडबुडे आले. तीन हात, मग अंग वळलं, अर्धंच तोंड बाहेर, श्वास आत, परत पाण्यात. पुन्हा बुडबुडे. नेहमीची अर्ध्याची जागा आली तशी मी माझाच श्वास धरला. हे थांबले नाहीत. कुठं घाई नाही, आदळआपट नाही, पाणी जणू त्यांना ओळखत होतं. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा टाळ्या त्या खिदळणाऱ्या पोरांनीच वाजवल्या. रिद्धीनं डोळे पुसले आणि क्लोरीनला दोष दिला.

मी रिद्धीकडे कार्ड मागायला हात पुढे केला, तर हे म्हणाले, "तू हो पुढे. मी परत एकदा जाऊन येतो."

घरी येऊन मी आधी खुर्ची माळ्यावर चढवली. मग स्वयंपाकाला लागले. अर्ध्या तासानं पायऱ्यांवर पावलं वाजली आणि दारात थांबली.

हुऽऽ.

मी पाठमोरीच राहिले. रडताना दिसले असते तर चिडवलं असतं त्यांनी. तशीच हात लांबवून मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं.