ताराचंदचा ग्रॅनाइट अन् तानबाची पिकअप

"इंजन बसलं तुह्यावालं, तानबा. भंगारात घाल अन् एक खटारा बैल घे, थो निदान गुमान चालते," असं ताराचंद किराणावाला रोहण्याच्या भर चौकात बोलला, अन् तिथंच पैज लागली.

आवाज होताच तसा. तानबानं पिकअप चालू केली का फट-फट-फट, जसं कोणी टिनाच्या डब्यात लवंगी फटाके सोडून राह्यलं. पुढच्या गावचे कुत्रे आधीच भुकायले तयार. आवाजाचं एक, पण धूरही कॅबिनमंधी शिरे. मांगच्या बाजाराले शालूबाईचं डोकं असं ठणकलं, का तिनं उतरल्या उतरल्या सांगून टाकलं, "तानबाभाऊ, येत्या बाजारापर्यंत हे नीट नाई झालं तं आमचा माल आर्वीवाल्याच्या गाडीत जाईन." शालूबाई म्हणजे एकटी शालूबाई नाई. तिच्या मांगं अर्ध्या गावाची वांगी, मेथी अन् सांभाराच्या हिरव्या जुड्या. थे गेली का तानबाची गाडी रिकामी.

"इंजन ठणठणीत हाय," तानबा म्हणे. "मॅनिफोल्ड वाकला. इंजनाच्या कुशीले बिडाचा जाड पाइप असते ना, धूर गोळा करून सायलेन्सरात सोडते, थो. तापून तापून वाकडा झाला, अन् त्याच्या फटीतून हे फटफट निघते. मी दुसरा बसवतो."

"मंग लाव पैज! बाजाराच्या सकाळी गाडी चालू ठेवायची. सुमित्रावहिनी कॅबिनमंधून साध्या आवाजात बोलन, मी बोनटपाशी उभा राहीन. आयकू आलं तं तू जितला."

"अन् हारल त्यानं काय करायचं?"

"त्यानं तळेगावच्या बाजारात गाडीच्या पुढं पुढं चालायचं, तोंडानं फटफट करत," शालूबाई बोलली. चौकानं टाळ्या वाजवल्या. मंग काय, मांगं कोण सरते!

बाजाराच्या आदल्या दिवशी निकेश मिस्त्री तानबाच्या अंगणात आला. जंगलेल्या नटांवर डिझेल सोड, जरासा कस, जरासा ढिला कर, असं रुसलेल्या जावयाले मनवल्यासारखं करून त्यानं एकेक नट काढला. मॅनिफोल्ड खाली घेतला अन् त्याच्या तोंडावर लोखंडी पट्टी आडवी ठेवली. पट्टीखालून उजेड दिसे.

"अबे, एवढ्या फटीतून तं एसटी जाईन!" तानबा खूश झाला. त्याचंच खरं निघालं होतं.

वर्ध्याहून जुन्या सामानातला दुसरा मॅनिफोल्ड त्यानं आणूनच ठेवला होता. निकेशनं त्याच्यावरही पट्टी ठेवली अन् स्वतःचं तोंड वाकडं केलं.

"काका, हाही वाकला हाय. जरासाच, पण हाय."

तानबाची खुशी तिथंच उतरली. "मंग?"

"वर्ध्याले मशीनवर सपाट करून आणा. पण मशीनवाला उद्याच्या सकाळपर्यंत काही देत नाई. नाईतं एकदम सपाट गोटा, फरशीसारखा दगड पाह्यजे. त्याच्यावर खरखरीत पॉलिश पेपर पसरायचा अन् हातानं घासत बसायचं. असा गोटा रोहण्यात कुठून आणता?"

तानबानं ताराचंदच्या दुकानाकडं मान वळवली. मंग त्याच्या मिशीत असं काही हसू फुटलं, का त्याची बायको सुमित्राबाई दारातूनच बोलली, "आता कोणाच्या मुळावर उठले तुम्ही?"

ताराचंदनं औंदा दुकानाच्या काउंटरवर काळा ग्रॅनाइट बसवलाता. साखर घ्यायले आलेल्या माणसाले आधी त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवे, "पाह्य, हलते काय?" अन् मंगच साखर मोजे.

तानबा खांद्यावर मॅनिफोल्ड घेऊन दुकानात गेला, धाडकन काउंटरवर ठेवला अन् चहापत्ती मांगितली. मंग सहज मॅनिफोल्डचा कोपरा दाबला. टक. दुसरा दाबला. टक.

"अरे अरे अरे. ताराचंद, तुह्यावाला काउंटर वाकडा हाय गा. फरशीवाल्यानं फसवलं तुले."

"वाकडं तुह्यं लोखंड!"

"लोखंड पारखून आणलं मी. जाऊ दे बावा, मी कोणाले नाई सांगत." अन् लगेच बाहेर तोंड करून, "शालूबाई! जरा इकडं या बरं, गंमत पाहा!"

ताराचंदचे कान लाल झाले. "थांब! दाखवतोच तुले!" त्यानं आपल्याच दुकानातला पॉलिश पेपर फाडून काउंटरवर पसरला, मॅनिफोल्ड पालथा घातला अन् लागला घासायले. खरर-खरर, खरर-खरर.

"आता?"

"हलते अजून. काउंटर या बाजूनं खाली गेला वाटते."

"खाली गेला म्हणे!" खरर-खरर.

पेपर झिजला का ताराचंद नवा काढे. घामानं बनियान पाठीले चिकटली. गिऱ्हाइकं खोळंबली, त्यानं एकालेही भीक नाई घातली. शेवटी मॅनिफोल्ड हलायचा बंद झाला. त्यानं स्वतः पट्टी लावून पाह्यली.

"पाह्य! दिसते उजेड? सांग आता, वाकडं कोणाचं होतं?"

"लोखंडच वाकडं होतं गा," तानबानं कान पकडले. "हारलो मी." चहापत्ती तिथंच विसरून थो मॅनिफोल्ड घेऊन जो पळाला, थो घरी येऊन खाटेवर लोळून लोळून हसला.

निकेशनं नवं पॅकिंग लावलं अन् नट मधातून दोन्हीकडं बेतानं कसत नेले. तानबानं देवाचं नाव घेऊन चाबी फिरवली. घुर्रर्र. बस. फट नाई का फूट नाई.

सुमित्राबाई लाटणं घेऊन बाहेर आली. "काऊन जी, चालू नाई झाली काय?"

तानबा खाली उतरून अंगणात नाचला.

सकाळी चौक भरला. आर्वीवालाही आपली गाडी घेऊन उभा होता, अन् शालूबाईची मेथी अजून जमिनीवरच होती. पिकअप चालू झाली. ताराचंद बोनटपाशी.

"भाऊजी, नमस्कार," सुमित्राबाई कॅबिनमंधून बोलली.

ताराचंदनं कानाले हात लावला. "काय? काही आयकूच येऊन नाई राह्यलं!"

"चहा घेता काय?"

"ओठ हालतेत फक्त!"

आयकू तं साऱ्या चौकाले येऊन राह्यलं होतं. पण पैज ताराचंदच्या कानाची. आर्वीवाल्यानं तं माल घ्यायले गाडीचा मांगचा फाळकाही पाडला. सुमित्राबाईनं मात्र आवाज अजून बारीक केला अन् खिडकीपाशी उभ्या शालूबाईले म्हणे, "बाई, ताराचंदभाऊजीच्या गुळाले मुंग्या लागल्या म्हणतेत."

"कोणाच्या गुळाले मुंग्या? कालच नवी भेली फोड..."

ताराचंदचं तोंड उघडंच राह्यलं. चौक हसता हसता खाली बसला. शालूबाईनं डोळे पुसले, मेथीचं गाठोडं उचललं अन् पिकअपमंधी फेकलं. "चढवा रे माल!"

तळेगावचा बाजार भरात होता. मधातून पिकअप मांजरीसारखी चालली होती अन् तिच्या पुढं ताराचंद, गाल फुगवून, "फट-फट-फट-फट!" कांदेवाले उठून उभे राह्यले. पोट्टे मांगं लागले.

"कोण्या मिस्त्रीनं एवढी गुमान केली गाडी?" एका मिरचीवालीनं विचारलं.

तानबानं खिडकीतून बोट दाखवलं. "हा पुढचा. काल आपल्या काउंटरवर, आपल्या हातानं मॅनिफोल्ड घासून देल्ला यानं."

ताराचंद थबकला. मांगं वळला. कालची सारी खरर-खरर त्याच्या डोळ्यांत उतरताना दिसली.

"हरामखोरा!" थो ओरडला, अन् मंग त्यालेच असं हसू आलं का पोट धरून वाकला.

"थांबू नको गा!" तानबानं हॉर्न वाजवला. "फटफट थांबली म्हणजे मधातच बंद पडली गाडी. शालूबाई, उतरा, धक्का मारा लागन!"

ताराचंदनं श्वास भरून घेतला, धोतराचा सोगा खोचला अन् दुप्पट आवाजात निघाला, "फट-फट-फट-फट-फट!"