भिंतबाबांची कागदी पट्टी

"फाटली! पट्टी फाटली!"

अख्खी गल्ली त्या जुन्या घराच्या बाहेरच्या खोलीत लोटली होती. भिंतीवरच्या लांबलचक भेगेवर, घरांचा कौल सांगणाऱ्या भिंतबाबांनी ओल्या कागदाची पट्टी आडवी चिकटवली, जवळ दिवा धरला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि थोड्याच वेळात पट्टी मधोमध फाटली.

"वास्तूनं नकार दिला!" बाबा खर्जात म्हणाले. "पाया रडतोय, छत शिव्या घालतंय. इथं राहायला याल तर संसाराचे असेच दोन तुकडे होतील! त्यापेक्षा माझ्या मेहुण्याकडे नवे फ्लॅट आहेत. तिथल्या भिंती अगदी हसऱ्या."

घर घ्यायला निघालेला माझा धाकटा भाऊ पांढराफटक पडला. त्याची बायको डोळे पुसू लागली. आणि मी? शाळेत विज्ञान शिकवणारा, बुवाबाबांची टर उडवणारा मी मनातून खूश झालो! थोरला असून मी अजून भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि या शेंडेफळाला अंगणासकट घर? मोडकं का असेना, माझ्या पोटात दुखत होतं. पट्टी का फाटली ते मला कळलं होतं, तरी मी मूग गिळून बसलो.

भाऊ माझ्याकडे वळला. "दादा, या बाबांवर माझा विश्वास नाही. पण तूसुद्धा गप्प आहेस, म्हणजे खरंच असणार. राहू दे हे घर."

मला माझीच लाज वाटली. मी उठलो, बाबांच्या पत्र्याच्या पेटीतून दुसरी पट्टी काढली, भिजवली आणि त्याच पेटीवर चिकटवली.

"अहो, ती मंतरलेली आहे!" बाबा किंचाळले.

"असू द्या की." मी दिवा जवळ धरला. थोड्याच वेळात तीही फाटली.

"अगंबाई! पेटीनं बाबांनाच नकार दिला!" भावजय म्हणाली, आणि खोलीत हशा पिकला.

"टोकं घट्ट चिकटवलेला ओला कागद दिव्याच्या उबेनं वाळताना आकसतो," मी सगळ्यांना दाखवलं. "त्यात मधे ब्लेडनं बारीक चीर दिलेली. पेटीतल्या या कोऱ्या पट्टीवरही आहे, ही बघा. फाटणार नाही तर काय?"

बाबांनी पेटी उचलून काढता पाय घेतला.

"मग घेऊ ना घर, दादा?"

"मला विचारू नकोस. मी जळतोय तुझ्यावर," मी म्हणालो. "इंजिनिअर आण. वासे कुजलेत का, भेग वाढतेय का, दुरुस्ती झेपेल का, ते बघ आणि मग ठरव."

लोकहो, चमत्कार दिसला की तपासा. आणि तो नेमका आपल्या मनासारखाच निघाला, तर पुन्हा एकदा तपासा.