नऊ सेंटिमीटर

शांत दिवशी माझ्यासमोरच्या भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका सकाळपासून दुपारपर्यंत साधारण सहा मिलिमीटर सरकतो आणि संध्याकाळपर्यंत परत जागेवर येतो. नुसत्या डोळ्यांना हे सरकणे कळत नाही. पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची, दोन तासांनी पुन्हा पाहायचे, तेव्हा पटते. मित्रांनो, तो ठिपका माझ्या पोटातून निघतो. मी एक जुनी काचेची बरणी आहे.

माझ्यात आधी जॅम होता. तो संपल्यावर छोटीने मला गरम पाण्याने तीन वेळा धुतले. छोटी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिने माझ्या झाकणाला भोक पाडून रेशमाचा धागा सोडला, धाग्याला बोटाएवढे चुंबक आडवे टांगले आणि चुंबकावर नखाएवढा आरसा चिकटवला. समोरच्या छोट्या दिव्याचा झोत आरशावर पडून भिंतीवरच्या पट्टीवर उमटायचा. चुंबक केसभर वळले, तरी ठिपका चांगला सरकायचा.

हा खटाटोप अरोरासाठी होता. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली की कधीकधी तिच्याबरोबर विद्युतभारित कणांचा लोट सुटतो आणि दोन-तीन दिवसांत पृथ्वीवर येऊन आदळतो. मग पृथ्वीचे चुंबकत्व डळमळते. हेच चुंबकीय वादळ. त्यात आकाशात अरोराचा रंगीत उजेड दिसतो. आमच्या गावातून तो क्वचितच दिसे, तोही उत्तरेच्या क्षितिजावर लालसर. पण चुंबकत्व डळमळले की माझा ठिपका हले. तो हलला की छोटी फोन करायची आणि आकाशवेडी मंडळी गावाबाहेरच्या टेकडीवर निघायची.

छोटीचा भाऊ नळदुरुस्तीची कामे करायचा. त्याला ती दादा म्हणायची. तिने माझ्या फळीसमोर, पॅसेजच्या फरशीवर, खडूची रेघ मारली होती. रेघेच्या आत लोखंड आणायचे नाही.

"पट्टा काढ दादा, बक्कल लोखंडी आहे."

"काढतो. दाढेत चांदी भरलीय, तीही काढून ठेवू का?"

"चांदी चालते. डोकं मात्र बाहेर ठेव, त्यात गंज आहे."

त्या घरात मी सात वर्षे काम केले. दोनदा मी रेडिओच्या बातमीआधी वादळ सांगितले. या आकाशवेड्यांच्या मंडळाचे प्रमुख निवृत्त बसचालक होते, सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. ते मला पाहायला आले आणि छोटीला म्हणाले, "प्रोफेसर, तुमची बरणी माझ्या बसपेक्षा वेळेवर येते बरं का!" छोटी लाजली. त्याच आठवड्यात तिने वेधशाळेतल्या तंत्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज भरला. तो अर्ज माझ्याच खाली, नोंदवहीत ठेवला होता.

मग एक मोठी ज्वाला उसळल्याची बातमी आली. सगळे माझ्याकडे डोळे लावून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा लवकर घरी आला. आमच्या मोरीचा नळ महिनाभर गळत होता आणि छोटीने त्याच्या नावाने खडे फोडले होते. एरवी तो अवजारांची लोखंडी पेटी उंबऱ्याबाहेर ठेवी. त्या दिवशी त्याने ती स्वयंपाकघरात आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. त्याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला माझी फळी होती. खडूची रेघ भिंतीपाशी संपत होती. चुंबकाला भिंत कुठे अडवते?

माझे चुंबक वळले. ठिपका नऊ सेंटिमीटर गेला आणि डुलू लागला. दहा मिनिटांत छोटी शाळेतून आली, तेव्हाही तो डुलत होता.

"दादा! आलं! नऊ सेंटिमीटर!"

दादा ओल्या हातांनी धावत आला आणि लहान पोरासारखा नाचला. ती कॅप्टनना फोन लावत असताना ठिपका स्थिर झाला. वादळात ठिपका असा उभा राहत नाही, तो मागे-पुढे थरथरत राहतो. पण पट्टीकडे तेव्हा कोणीच पाहत नव्हते. मी ओरडून सांगू शकत नव्हते. सूर्य कोणता आणि पेटी कोणती, हे मला तरी कुठे कळते?

टेकडीवर बावीस माणसे गेली. कोणी रजा टाकली, कोणी म्हाताऱ्या आईला चाकाच्या खुर्चीतून वर नेले. आकाश काळे ते काळेच राहिले. परतल्यावर ते दोघे काय बोलले, त्यावरून मला हे कळले. कोणीतरी म्हणाले होते, "प्रोफेसर, बरणीत परत जॅमच भरा." सगळे हसले, छोटीही हसली.

ती दाराशी पाठमोरी बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. दादाने सकाळच्या कामासाठी स्वयंपाकघरातून पेटी उचलली. पॅसेजमध्ये ठिपका नऊ सेंटिमीटर मागे आला. दादाने तो पाहिला. मग त्याने हातातल्या पेटीकडे पाहिले. त्याने ती उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. बिचारी आधीच दमली आहे, उद्या सांगू, असे त्याला वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी छोटीने अर्ज फाडला. "ज्याला एक ठिपका वाचता येत नाही, त्यानं वेधशाळेत जाऊन काय करायचं?" ती म्हणाली. दादा भाकरी मोडत होता. त्याने पुढचा तुकडा आमटीत बुडवला.

मला कपाटावर ठेवले गेले. छोटी दुसरीकडे राहायला गेली. धाग्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या झाकणाखाली संसार थाटला. दादा कधीतरी स्टुलावर चढून माझ्याकडे पाहायचा आणि तसाच उतरायचा. अशी अकरा वर्षे गेली.

गेल्या आठवड्यात सूर्यावर पुन्हा मोठी ज्वाला उसळली. दादाने गुडघे धरत मला खाली काढले, आरसा पुसला, धागा बदलला. पेटी त्याने शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. काल दुपारी चार वाजता ठिपका सरकला. पाच सेंटिमीटर गेला, तीन मागे आला, पुन्हा सहा गेला. दादाने छोटीला बोलावले. ती आली. आता तिच्या केसांत पांढरे दिसत होते. अर्धा तास ती पट्टीसमोर उभी राहिली.

"हलतोय," ती म्हणाली.

"मग कॅप्टनना कळव ना. अंधार पडायला दीड तास आहे."

"मागेही हललाच होता. मी नाही कुणाला बोलावणार, दादा. एकदा हसं झालं ते पुरे. धागाच खराब असेल, नाहीतर माझी नजर."

मित्रांनो, जुन्या उपकरणांवरची धूळ पुसत जा. आम्ही फार काही मागत नाही. पण त्याहून मोठे मागणे एक आहे: मोजण्यात चूक झाल्याचे कळले, तर त्याच दिवशी नोंदवहीत लिहा आणि ज्याच्यावर तिचे खापर फुटले आहे, त्याला सांगा. धूळ अकरा वर्षांनीही पुसता येते. फाडलेला अर्ज परत भरता येत नाही.

छोटीने पर्स खांद्याला लावली. दादा दारात आडवा येऊन उभा राहिला.

"थांब छोटे. तुझी नजर चांगली होती, धागाही चांगला होता. त्या दिवशी माझी पेटी या भिंतीमागे होती. मला ते त्याच रात्री कळलं होतं आणि मी गप्प बसलो. आता कॅप्टनना फोन मी लावतो. आधी हे सांगतो, मग टेकडीवर या म्हणतो."